रोहित (फ्लेमिंगो) पाहायला ऐरोलीची बोट की सीवूड्सचं तळं?

पाहुण्यांना रोहित दाखवायचे म्हटलं की आमच्या घरी हा प्रश्न ठरलेला. नवी मुंबईतल्या या दोन्हीकडे बऱ्याचदा जाऊन झाल्यावर माझं मत असं बनलंय की रविवार कुठला हे बघण्याआधी तिथी बघा.

रोहित भरती-ओहोटीवर जगतात. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडला की तिथे चरतात, भरतीने तो बुडाला की नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन विसावतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बारा-एकला येते, पुढे रोज पाऊण-एक तासाने सरकते, आणि अष्टमीच्या आसपास सकाळ-संध्याकाळवर जाते. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मा निर्णय झालाच.

ऐरोलीला वन विभागाचं किनारी जैवविविधता केंद्र आहे. तिथून बोट खाडीत जाते आणि तिची वेळ पाण्यावर ठरते, त्यामुळे आधी बुकिंग करूनच निघा. खाडीचा हा भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला, सुमारे 1,690 हेक्टर, आणि 2022 मध्ये नांदूर मधमेश्वर व लोणारनंतर राज्यातलं तिसरं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण बोटीत बसल्यावर आकडे आठवत नाहीत. दोन्ही बाजूंना कांदळवन, तिवरांची पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं, आणि मग चिखलाच्या कडेला गुलाबी पट्टा. जवळ गेल्यावर दिसतं की सगळे गुलाबी नाहीत, पिल्लं राखाडी-मळकट असतात. चोच उलटी करून पाणी गाळत चालतात, मान वर करायलाही फुरसत नाही. बोटवाल्याने इंजिन बंद केलं की तो चुळुकचुळुक आवाज ऐकू येतो. त्या आवाजासाठी मी पुन्हा पुन्हा जाते.

सीवूड्सचं डीपीएस तळं, म्हणजे डीपीएस शाळेजवळचं, हा वेगळाच अनुभव. तिकीट नाही, बुकिंग नाही, मागे उंच इमारती. पक्षी इथे बहुतेक एका पायावर, मान पिसांत खुपसून झोपलेले. ज्यांना फोटो काढायचे आहेत किंवा ज्यांच्यासोबत वयस्कर माणसं आहेत त्यांना हेच सोयीचं. माझ्या आईला बोटीत चढ-उतार जमत नाही, तिने रोहित पहिल्यांदा इथेच पाहिले. फक्त या तळ्याचा जीव खाडीतून आत येणाऱ्या पाण्यात आहे. 2024 मध्ये ती वाट बुजली, तळं सुकलं आणि पक्षी सैरभैर झाले. म्हणून निघण्याआधी तिथे पाणी आहे ना, हे कुणा स्थानिकाला विचारून घ्या. आणि टाळ्या वाजवून थवा उडवू नका, ती त्यांची विश्रांतीची वेळ असते.

वाशीचं सागर विहारही लोक सुचवतात. संध्याकाळच्या वाऱ्याला छान, रोहितांसाठी मात्र लांब पडतं.

ठाण्याहून दोन्ही ठिकाणं ट्रान्स-हार्बर लोकलच्या मार्गावरच: ऐरोली अगदी जवळ, सीवूड्सला पनवेल गाडी धरली तर बदलावं लागत नाही. हंगाम साधारण डिसेंबर ते मे. लहान मुलं असतील आणि तुमच्या रविवारी पाणी जुळत असेल तर मी बोटच सांगेन, कारण खाडी आतून बघायला दुसरा रस्ता नाही. पौर्णिमा-अमावास्येचा रविवार असेल तर सकाळी अकरापर्यंत सीवूड्सला पोहोचा, टोपी घाला, आणि खाडीच्या दिशेने आभाळाकडे बघत राहा. पाणी चढायला लागलं की थवे तिकडूनच येतात.