रत्नागिरीतील ट्रॅव्हल एजन्सी आणि दुबईचा पहिला एकटीचा प्रवास

कंपनीच्या कामासाठी प्रथमच, तेही एकटीने, परदेशी जायचे ठरले तेव्हा मारुती मंदिर परिसरातील एका ट्रॅव्हल एजन्सीकडे मी व्हिसा, तिकीट आणि विमा ही तिन्ही कामे सोपवली. कागदपत्रांचे काम चोख झाले. व्हिसावरील नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहण्याचा त्यांचा आग्रह मला तेव्हा जाच वाटला, हे कबूल करते.

खरे मोल मात्र सामानाविषयीच्या सल्ल्याचे होते. आईने बांधून दिलेले सुके खोबरे काउंटरवरील काकांनी ऐकताक्षणीच बाद केले; त्यात तेलाचा अंश भरपूर असल्याने ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानात त्याला मनाई आहे. खसखसही त्यांनी काढायला लावली, कारण आपल्याकडे किराणा दुकानात सहज मिळणारी ही वस्तू संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. कोकमे तेवढी वाचली.

उणीव मात्र महागात पडली. पहाटेच्या विमानाचे तिकीट काढताना, रत्नागिरीहून मुंबई गाठायला जवळपास अख्खा दिवस जातो आणि विमानतळावर तीन तास आधी हजर राहावे लागते, याचा विचारच त्यांनी केला नव्हता. परिणामी आदली रात्र मी विमानतळावरील खुर्चीत काढली. दुबईतल्या तीन चपट्या पिनांच्या सॉकेटबद्दलही कोणी बोलले नाही, त्यामुळे हॉटेलात पोहोचल्यावर चार्जर हातात धरून मी भिंतीकडे पाहत राहिले.

शुल्क वाजवी होते. पुढच्या वेळी कागदपत्रे त्यांच्याकडेच देईन, विमानाची वेळ मात्र मीच निवडेन.