इंजिन ‘थंड’ ठेवणाऱ्या कव्हरचे ५,८४० रुपये

पुण्यातल्या नाना पेठेत बाइकचं सामान घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की तिथे भाव करावा लागतो. मी केला. ३,४०० चं कव्हर २,८५० ला, वर फिटिंगचे ३५०. चकचकीत ॲल्युमिनियमचं, पुढून आणि दोन्ही बाजूंनी इंजिन झाकणारं. दगड-चिखल लागणार नाही आणि वर इंजिन वीस डिग्री थंड राहील, म्हणे.

मी काय डोळे मिटून घेतलं नाही. त्याने तापमान मोजायची ती लेझरची बंदूक काढली, शेजारच्या उघड्या इंजिनावर धरली, १०८. मग कव्हर बसवलेल्या गाडीवर धरली, ६१. आकडा डोळ्यांसमोर दिसतोय म्हटल्यावर कोण वाद घालणार? पण लाल ठिपका कुठे होता? कव्हरवर! आतल्या इंजिनावर नाहीच. शिवाय चकचकीत धातूवर ती बंदूक मुळातच कमी आकडा दाखवते. हे तिथे उभं असताना सुचायला हवं होतं, पण मागे चार गिऱ्हाईकं माना डोलावत होती. आता वाटतं, तीही त्याचीच असतील.

माझी गाडी हवेवर थंड होणारी. सिलिंडरवरच्या फिन्सना, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांना, समोरून वारा लागला तरच उष्णता जाते. तीच वाट बंद. तापलेल्या माणसावर गोधडी टाकण्यातला प्रकार. शहरात कळलं नाही. जुना कात्रज घाट चढताना पिकअप गेला, इंजिन ठोके द्यायला लागलं, जळक्या ऑइलचा वास. मेकॅनिकने कव्हर काढलं तर हेड गॅस्केटमधून (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधलं सील) ऑइल झिरपून फिन्समध्ये धुळीचा काळा लगदा झालेला. गॅस्केट, ऑइल, मजुरी मिळून २,६४०.

इंजिनाखालची प्लेट वेगळी, तिचा राग धरू नका. चेंबरखाली बसते, भोकं असतील आणि समोरचा वारा अडत नसेल तर चालते; फक्त पावसाळ्यात मध्ये साचलेला चिखल धुवा. पाइपचा क्रॅश गार्डही निर्धोक. ऑइल कूलर किंवा रेडिएटर असेल तर त्याच्यासमोर काहीही लावू देऊ नका, कितीही जाळी दाखवली तरी.

दुकानदार म्हणाला, “साहेब, तुम्ही गाडी रेटली असेल.” सर्व्हिस सेंटर म्हणालं, बाहेरची ॲक्सेसरी, वॉरंटी नाही. चौकीत गेलो तर “हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा.” १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथे पहिला प्रश्न बिलाचा. बिल कुठलं? हातात एक चिठ्ठी, त्यावर ‘ॲक्सेसरी २८५०’, ना शिक्का ना जीएसटी नंबर. म्हणजे चोराने पावती दिली नाही ही चूकही आमचीच! पक्कं बिल मागाच, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर पुढचं दुकान गाठा. रोख तर मुळीच देऊ नका.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, हे मला कुठल्याच काउंटरवर कोणी सांगितलं नाही, स्वतः शोधलं. यूपीआयचा स्क्रीनशॉट, ती चिठ्ठी आणि मेकॅनिकचं बिल जोडून अर्ज करतोय. त्याच गल्लीतून कोणी असलं कव्हर घेतलं असेल तर आधी ते काढा, आणि पैसे दिल्याचा मेसेज डिलीट करू नका.