हीटर प्लग बदलताना: जुने डिझेल इंजिन आणि नवे

डिझेल गाडीचा हीटर प्लग, म्हणजेच गार इंजिन चालू होताना सिलिंडरच्या आत उष्णता देणारा ग्लो प्लग, बदलावा की राहू द्यावा, आणि बदलायचा तर चारही एकदम बदलावेत की गेलेला एकच, या प्रश्नांना जुन्या इंजिनासाठी एक आणि नव्या इंजिनासाठी जवळजवळ उलट उत्तर द्यावे लागते. तुलनेसाठी आपल्या रस्त्यांवरच्या दोन परिचित गाड्या घेऊ: १९९८ साली आलेल्या टाटा इंडिकाचे १४०५ सीसीचे डिझेल इंजिन आणि २००७ पासून मारुती स्विफ्टमध्ये आलेले १२४८ सीसीचे कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून मोठ्या दाबाचे डिझेल देणारे) इंजिन. डिझेलवरची जुनी झेन पहिल्या गटात मोडते. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक डिझेल मोटारी दुसऱ्या गटात.

इंडिकाच्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये पडत नाही. नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, ते हेडमधल्या (सिलिंडरवरच्या झाकणातल्या) एका लहानशा कप्प्यात उडवते, तिथे ते पेट घेते आणि मग ज्वाळा पिस्टनवर येते. कप्प्याच्या भिंती गार असल्या की दाबून तापलेल्या हवेतली उष्णता त्या शोषून घेतात, त्यामुळे या जातीच्या इंजिनांत हवा विसाव्या-बाविसाव्या हिश्शाएवढी दाबली जात असूनही सकाळच्या पहिल्या सेल्फला ती डिझेल पेटण्याइतकी तापत नाही. म्हणूनच जुने ड्रायव्हर ‘आधी हीटर दे, मग सेल्फ मार’ असे सांगत, आणि ते मुंबईच्या उबदार हवेतही खोटे नव्हते. निफाडच्या डिसेंबरात अशा गाडीचे दोन प्लग गेलेले असले, तर इंजिन धरण्याआधी बॅटरीच बसते.

स्विफ्टच्या इंजिनात डिझेल पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत थेट आणि फार मोठ्या दाबाने फवारले जाते. उष्णता वाया कमी जाते, त्यामुळे दाबाचे प्रमाण (हवा कितव्या हिश्शाएवढी दाबली जाते ते) १७.६ इतके कमी असूनही दहा-पंधरा अंश तापमानाला हे इंजिन प्लगच्या मदतीशिवाय सहसा चालू होते. प्लगचे काम इथे चालू झाल्यानंतरचेही असते: नव्या पद्धतीत तो इंजिन धरल्यावरही, कधी कधी तीन मिनिटांपर्यंत, तापता राहतो आणि गार इंजिनाचा खडखडाट व पांढरा धूर कमी करतो. परिणामी महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत नव्या गाडीचा एखादा प्लग गेलेला मालकाला कळतच नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०६७१ ते पी ०६७४ यांपैकी कोड दिसतो, तेव्हाच ते उघड होते. थोडक्यात, ज्या गाडीला प्लगची गरज जास्त तिच्यातला तो बदलणे सोपे, आणि जिला गरज कमी तिच्यातला बदलणे जोखमीचे, असा हा उफराटा मामला आहे.

जोखीम नेमकी कुठे आहे? जुना प्लग आखूड आणि जाड असतो, त्याचे आटे बहुधा १२ मिलिमीटरचे, आणि तो सहसा गोटी पाना सरळ बसेल अशा जागी असतो. नव्या इंजिनात दोन-दोन झडपांच्या गर्दीतून वाट काढायची असल्याने प्लग लांब आणि बारीक झाला, आटे १० किंवा ८ मिलिमीटरवर आले. त्याचे टोक आणि हेडचे छिद्र यांच्यामधल्या केसभर फटीत वर्षानुवर्षे कार्बन साचतो, तो टोकाला जखडून धरतो, आणि वरून पाना फिरवला की अंग फिरते पण टोक फिरत नाही. तुटण्याची मर्यादा साधारण अशी धरतात: १२ मिलिमीटरला ४५ न्यूटन-मीटर (पाना पिळण्याच्या जोराचे, म्हणजे टॉर्कचे, माप), १० ला ३५ आणि ८ ला अवघे २०. हे २० न्यूटन-मीटर म्हणजे मनगटाचा एक बेफिकीर झटका. प्लग आत तुटला तर ड्रिलने कोरून काढणे किंवा हेड उतरवणे एवढेच मार्ग उरतात, आणि त्या खर्चापुढे प्लगची किंमत किरकोळ ठरते.

म्हणून नव्या गाडीत प्लग काढण्याआधी तोच गेला आहे याची खात्री करावी. दोष प्लगला वीज सोडणाऱ्या रिलेत, कंट्रोल युनिटमध्ये किंवा वायरिंगमध्येही असू शकतो. तपासणीतही दोन्ही इंजिनांत फरक आहे. जुन्यात चारही प्लग वरच्या एका पट्टीने जोडलेले असतात. पट्टी न काढता मीटर लावला तर गेलेला प्लगही चांगल्यांच्या आड लपतो. पट्टी काढून प्रत्येकाचा रोध मोजावा: चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेल्यातून वीजच जात नाही, म्हणून मीटर शून्य नव्हे तर अमर्याद रोध दाखवतो. वायरभोवती चिमट्यासारखा लावून वीजप्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर पट्टी काढायचीही गरज नाही. तापून स्थिरावलेला प्लग साधारण दहा अँपिअर ओढतो, तेव्हा चारांच्या वायरवर चाळीसऐवजी तीस दिसले की एक गेला असे समजावे. मी अजूनही काढलेला जुना प्लग वाइसमध्ये धरून बॅटरी लावून पाहतो: आधी टोक लाल व्हायला हवे, मधला भाग आधी लाल झाला तर तो प्लग टाकाऊ.

हा प्रयोग नव्या प्लगवर मात्र करू नये. नंतरच्या इंजिनांतले अनेक प्लग ४.४ ते ७ व्होल्टचे असतात, त्यांना कंट्रोल युनिट तुकड्या-तुकड्याने वीज देऊन दोनेक सेकंदांत हजार अंशांवर नेते. त्यांना थेट १२ व्होल्ट दिले की ते जळतात. व्होल्टेज बहुधा प्लगच्या अंगावर कोरलेले असते, ते वाचूनच नवा घ्यावा. सिरॅमिक टोकाचा प्लग हातातून फरशीवर पडला तर तडा दिसो वा न दिसो, तो बसवू नये, कारण तुटलेला तुकडा थेट सिलिंडरमध्ये जातो.

एक की चार, याबद्दल माझे मत असे. जुन्या इंजिनात चारही बदलावेत. चौघांचे वय सारखेच असते आणि काम तासाभराचे. नव्यात आदल्या रात्री आट्यांभोवती गंज सोडवणारे तेल सोडावे, इंजिन चांगले तापवून घ्यावे आणि टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की ‘टक’ वाजणारा पाना) मर्यादेच्या खाली लावूनच गेलेला प्लग आधी सोडवावा. तो सहज आला तर बाकीचेही बदलून घ्यावेत. मर्यादेपर्यंत जाऊनही हलला नाही तर थांबावे, पुन्हा तेल, पुन्हा ताप. माझ्या स्विफ्टचे तीन प्लग असे आले. चौथ्याला दोनदा रेंचचा ‘टक’ ऐकून मी हात आखडता घेतला आणि तो चालू स्थितीत असल्याने तसाच ठेवला. जे मेकॅनिक टॉर्क रेंचशिवाय ‘येईल हो’ म्हणतात, त्यांच्याकडे इंडिका न्यावी, स्विफ्ट नेऊ नये.

बाहेर आलेल्या प्लगचे टोक जळून गेलेले किंवा वितळलेले दिसले, तर दोन्ही गाड्यांत नोझल तपासल्याशिवाय नवा बसवू नये. गळक्या नोझलची धार नवा प्लगही महिनाभरात खाऊ शकते. बसवताना छिद्रातला कार्बन त्या मापाच्या रीमरने (छिद्र खरवडणाऱ्या हत्याराने) साफ करावा आणि ८ मिलिमीटरचा प्लग सुमारे १० न्यूटन-मीटरवर, १० मिलिमीटरचा १२ ते १८ वर थांबवावा.

राहता राहिला न निघणारा, पण गेलेलाच प्लग. मैदानी भागात चालणाऱ्या, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर नसलेल्या गाडीत तो पुढे कधी हेड उतरेल तोवर राहू द्यायला माझी हरकत नाही. पहिले अर्धे मिनिट इंजिन थोडे मिसिंग मारेल इतकेच. बीएस-६, म्हणजे नव्या धूर-नियमांच्या आणि असा फिल्टर असलेल्या, गाडीत हा सल्ला मी देणार नाही, कारण काही गाड्यांत प्लगचा कोड कायम असेपर्यंत फिल्टरमधली काजळी जाळण्याची प्रक्रियाच सुरू होत नाही आणि फिल्टर तुंबतो.