स्पीकरसाठी दोन-कोर तांब्याची वायर: कोकणातल्या लांब घरात कशी चालते

बाजारात स्पीकरची वायर मागितली की बहुतेक दुकानांत लाल-काळी चपटी वायर पुढे येते. त्याच दुकानात आतल्या फळीवर दोन-कोर गोल फ्लेक्झिबल केबल असते, 'दीडची' आणि 'अडीचची', म्हणजे १.५ आणि २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. दिसायला साधी, नावात 'ऑडिओ' कुठेच नाही. घ्यावी ती हीच.

लांबीमुळे आवाज बदलतो तो वायरच्या रोधामुळे. दीडच्या केबलचा रोध जाऊन-येऊन मीटरला साधारण ०.०२७ ओहम, अडीचचा ०.०१६. एकूण रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या, म्हणजे स्पीकरवर ओहममध्ये लिहिलेल्या त्याच्या स्वतःच्या विरोधाच्या, ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा रूढ हिशेब. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला दीडची १५ मीटरपर्यंत चालते, अडीचची २५ मीटरपर्यंत. स्पीकर ४ ओहमचा असेल तर दोन्ही आकडे निम्मे. माजघरातून दाराच्या चौकटीवरून वळसा घेत पडवीत जायचं तर १२-१५ मीटर सहज लागतात. तेव्हा सुतळी लावून मोजा, नजरेने नको.

बारीक वायरने काय होतं? अर्ध्या चौरस मिलिमीटरची १० मीटर घेतली तर रोध ०.७८ ओहम. आवाज ०.८ डेसिबलने उतरतो, त्याचं काही नाही, व्हॉल्यूम वाढवता येतो. पण ८ ओहम लिहिलेला स्पीकर सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो. कुठे तो ४ पर्यंत खाली येतो, तिथे घट दीड डेसिबल होते. बासच्या रेझोनन्सपाशी, म्हणजे स्पीकरचा पडदा आपसूक जोरात हलतो त्या सुरापाशी, ३० पर्यंत चढतो, तिथे घट जवळपास नाहीच. सुरांचा तोल ढळतो तो इथे, आणि तो व्हॉल्यूमने सुधारत नाही.

डावी-उजवी वायर सारख्याच लांबीची हवी, हा हट्ट सोडा. ५ मीटरच्या फरकाने सिग्नलला सुमारे २५ नॅनोसेकंद उशीर होतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज केसाच्या जाडीइतकाही पुढे जात नाही. उरलेली वायर गुंडाळून ठेवल्यानेही आवाज 'अडकत' नाही, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं चुंबकीय क्षेत्र खोडतात.

खरा त्रास खाऱ्या हवेचा. चपटी स्वस्त वायर बऱ्याचदा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर दुकानातच ठेवून या. तिचा रोध तांब्याच्या दीडपट, आणि कापलेल्या टोकाला दमट खारी हवा लागली की आतलं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. तांबंही हिरवं पडतं, पण टोकाचे दोनेक सेंटिमीटर कापले की बहुतेक वेळा खाली लालबुंद तार मिळते. पावसाळा संपला की हे करावंच. मग १० मिलिमीटर सोलून फेरूल (टोकावर घालायची धातूची नळी) क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा, आणि मागे गोंदवाली हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. स्क्रूखाली सोल्डरचा डाग दिलेलं टोक नको. डाग दाबाखाली हळूहळू पसरतो आणि स्क्रू सैल होतो.

तपासणी सोपी आहे. ॲम्प्लिफायर बंद करून केबल दोन्हीकडून सोडवा, पलीकडची दोन टोकं जोडा आणि अलीकडे मल्टिमीटर लावा. मीटरच्या काड्या एकमेकींना टेकवून येणारा आकडा आधी वजा करा, नाहीतर केबलवर नाहक आळ येईल. साध्या मीटरवर ओहमचा दशांश जेमतेम कळतो; तरी १० मीटरच्या दीडच्या केबलला ओहमभर आकडा आला तर दोष सांध्यात आहे, लांबीत नाही.

या केबलचे तोटे दोन. ती जाड आणि ताठ असल्याने लहान स्पीकरच्या दाबायच्या क्लिपमध्ये अडीचची शिरत नाही, तिथे दीडचीच घ्या. दुसरा तोटा गंभीर: ती हुबेहूब लाइटच्या वायरसारखी दिसते. गणपतीच्या गडबडीत कोणी तिला प्लग लावून बोर्डात खुपसली तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दोन्ही जातील, माणसालाही धोका. दोन्ही टोकांना 'स्पीकर' लिहिलेली पट्टी चिकटवा आणि लाइटच्या पाइपातून ती कधीच ओढू नका.

कौलांखालून वाशांवर नेणार असाल तर पीव्हीसी पाइप घाला. उंदरांना दीड-अडीच काही कळत नाही.