ठाण्यातली फुटबॉल अकॅडमी : टर्फला साडेचार स्टार, मालकाला एक

आधी स्टार देऊन टाकतो म्हणजे घाईत असलेले सुटतील. टर्फला साडेचार, कोचिंगला चार (पण हे चार नक्की कुठल्या कोचला ते पुढे सांगतो), मॅनेजमेंटला एक, तोही मुलींसाठी वेगळं वॉशरूम ठेवलंय म्हणून. अकॅडमी घोडबंदर रोडला आहे. नाव लिहीत नाही, भाची अजून तिथेच खेळते आणि शेठ (म्हणजे मालक) सगळं वाचतात. तसंही नावाने फरक पडत नाही, ठाण्यापासून खारघरपर्यंत असे शेठ सगळीकडे आहेत.

भाची अकरा वर्षांची, सेंटर बॅक, म्हणजे मागे मधोमध बचाव करणारी. ताई आणि दाजी दोघं नोकरीवाले म्हणून आणणं-सोडणं मामाकडे, आणि मामाला तसंही फुटबॉलशिवाय काही सुचत नाही.

टर्फ खरंच झकास आहे. गवत नवीन, रबराचे काळे दाणे नीट भरलेले, मुलं आपटली तरी गुडघे सोलवटत नाहीत, चारही फ्लडलाइट चालू असतात (एक कायम मेलेला असणं हा बहुतेक टर्फवर नियमच आहे), आणि जुलैच्या पावसातही पाणी साचत नाही. स्टड घालू देत नाहीत, टर्फ शूज घ्यावे लागतात, ते बरोबरच आहे. काळे दाणे बुटांतून, मोज्यांतून आणि शेवटी ताईच्या वॉशिंग मशीनमधून निघतात त्याला मात्र इलाज नाही. पार्किंग विसरा, संध्याकाळी घोडबंदरचं ट्रॅफिक काय असतं ते काय सांगायचं, स्कूटरच काढा.

आता कोचिंग. आम्ही आलो तेव्हा जे सर होते ते डी लायसन्सवाले (कोचिंगचं सुरुवातीचं लायसन्स), आवाज कमी, हातात कायम कोन. पहिल्या महिन्यात त्यांनी मुलांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली, बॉल पायात येण्याच्या आधी मान वळवून मागे बघायचं. गोलकीपरने उगाच लांब लाथ मारायची नाही, बॅकला पास द्यायचा, बॅकने मिडफिल्डला, चुकला तर चुकला. भाची आता सर्व्हिस रोड क्रॉस करतानाही आधी दोन्ही खांद्यांवरून बघते, एवढं ते अंगात मुरलंय. आणि चुकत होतंच सुरुवातीला, दहा-अकरा वर्षांच्या पोरांनी स्वतःच्या गोलसमोर पासिंग करायचं म्हणजे बॉल हातचा जाणारच, त्यातूनच शिकतात, हे जगात सगळीकडे असंच चालतं.

मग खारघरला एक टुर्नामेंट झाली आणि आमच्या पोरांना पाच गोल पडले. त्यातले तीन त्या पासिंगपायीच. शेठ टचलाइनला उभे होते, तिसऱ्या गोलनंतर फोन काढून बाजूला गेले आणि रात्री जेवायच्या आत पालकांच्या ग्रुपवर मेसेज, सरांनी वैयक्तिक कारणाने अकॅडमी सोडली आहे, त्यांना शुभेच्छा. सरांना ते वैयक्तिक कारण त्या ग्रुपवरच कळलं असावं.

ज्यांना वाटतं असं फक्त आपल्याकडेच होतं त्यांनी इंग्लंडचा क्लब नॉटिंगहॅम फॉरेस्ट बघा. 18 ऑक्टोबर 2025, घरच्या मैदानावर चेल्सीकडून 0-3, मालक मारिनाकिस मॅच संपायच्या आधीच खुर्चीवरून उठून गेलेले, आणि शिट्टी वाजल्यावर पावणेवीस मिनिटं पण नाही, 18 मिनिटांत कोच पोस्टेकोग्लूला काढल्याचं जाहीर. जेमतेम 39 दिवसांची नोकरी, आठ मॅच, एकही विजय नाही. ठीक आहे, एकही जिंकला नाही तर काढणारच म्हणाल. पण त्याच्या आधीचा कोच नुनो? त्याने त्याच फॉरेस्टला सातवा नंबर आणून दिला होता, किती वर्षांनी युरोपात नेलं होतं, तो पुढचा सीझन सुरू होऊन महिना होत नाही तोच बाहेर, कारण वर पटेना. आणि आणला कोण, तर नुनोच्या अगदी उलट पद्धतीने खेळवणारा माणूस. टीम मागे बसून काउंटर (बॉल मिळाला की झटकन उलट हल्ला) मारायला घडवलेली, आणि हा सांगणार वर चढा, लाइन पुढे आणा. ते 39 दिवसांत जमणार होतं का कुणाला. बिचारा पोस्टेकोग्लू, त्याच वर्षी मे महिन्यात त्याने टॉटेनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली, 17 वर्षांनी त्या क्लबला कप दिसला, आणि सोळा दिवसांत त्यांनी पण नारळ दिला होता.

हे मला महत्त्वाचं वाटतं. काढण्यावर सगळे बोलतात पण घोळ आणण्यात असतो. आमच्या शेठनेही तेच केलं, पासिंगवाल्या सरांच्या जागी जे दुसरे सर आणले ते शेठच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीचे, त्यांचं एकच तत्त्व, लांब मारा आणि पळा. आधीचे सहा महिने गेले पाण्यात. सगळ्यात उंच मुलगा पुढे, बाकीच्यांनी त्याच्या डोक्यावर बॉल टाकायचा, भाची घरी येऊन म्हणाली मामा, आता मला मागे बघायची गरजच नाही, बॉल कायम डोक्यावरूनच जातो.

दुसऱ्या सरांना दोष तरी काय देणार, कारण टीम तेही लावत नव्हते. टीम शेठ लावायचे. प्लास्टिकची खुर्ची टचलाइनला अगदी चिकटून, सर सांगतायत आत ये, शेठ ओरडतायत वर जा वर जा, पोरं मध्येच उभी राहून दोघांकडे बघतायत. ज्यांच्या कंपनीचं दर शनिवारचं टर्फ बुकिंग असतं त्यांचा मुलगा स्ट्रायकर, हे काय मी सांगायला नको. पैसे मोजून आचारी आणायचा आणि झारा आपण फिरवायचा, वर भाजी खारट झाली म्हणून आचाऱ्यालाच हाकलायचं. मी एकदा चहा पिताना विषय काढला तर शेठ म्हणाले अहो लोन काढून टर्फ टाकलंय, पैसा माझा अडकलाय, मी नाही बोलणार तर कोण बोलणार. यात खोटं काही नाही. पोरं हरली की पालक दुसऱ्या टर्फवर जातात, हप्ता शेठलाच भरायचाय, माणूस घाबरून कोच बदलतो. घाबरलेला मालक काय करून ठेवतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या महाराष्ट्रातल्याच मालकांचं आहे.

पुण्याचे वेंकीज, चिकन आणि अंडीवाले. नोव्हेंबर 2010 मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, 2 कोटी 30 लाख पौंडांना. हा साधा क्लब नव्हता, 1995 चा प्रीमियर लीग (तिकडची सगळ्यात वरची लीग) चॅम्पियन. महिनाभरात मॅनेजर (तिकडे मुख्य कोचला म्हणतात) सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं, टीम तेरावी होती, कुठे बुडत नव्हती. जागी स्टीव्ह कीन, ज्याने त्याआधी कुठल्याच क्लबचा मॅनेजर म्हणून काम केलं नव्हतं. खेळाडूंना घेऊन ड्रेसिंग रूममध्ये चिकन खातानाची जाहिरात पण काढली होती, ज्यांनी बघितली नाही त्यांनी शोधून बघा, खेळाडूंचे चेहरे बघण्यासारखे आहेत. मे 2012 ला विगनविरुद्धच्या मॅचमध्ये प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली, त्याच रात्री टीम प्रीमियर लीगमधून खाली गेली. पुढच्या सीझनला तर कहरच, कीन गेला, हेनिंग बर्ग आला 57 दिवसांत गेला, मायकल अ‍ॅपलटन आला 67 दिवसांत गेला. 2017 ला क्लब आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये.

आणि आता गंमत बघा. त्याच 2017 च्या फेब्रुवारीत टोनी मोब्रे मॅनेजर म्हणून आला होता, तो टीमला वाचवू शकला नाही, टीम खाली गेलीच, म्हणजे काढायला आयतं कारण हातात. पण काढलं नाही. पुढच्याच वर्षी त्याने टीम परत वर आणली आणि 2022 पर्यंत राहिला. मालक तेच, पैसा तोच. फक्त एकदा गप्प बसले.

आता इथे कुणीतरी चेल्सीचं नाव काढणार, आमच्या ग्रुपवर पण एका बाबांनी काढलंच. बरोबर आहे, चेल्सीचा तेव्हाचा मालक अब्रामोविचने कोच पानं पिसल्यासारखे बदलले आणि कप पण जिंकले. मार्च 2012 ला व्हिलास-बोआस बाहेर, डी मॅटेओ आत, मेमध्ये चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप. (त्याच डी मॅटेओला नोव्हेंबरमध्ये काढलं, तो भाग हे बाबा विसरतात.) जानेवारी 2021 ला लॅम्पार्ड बाहेर, टुखेल आत, मेमध्ये पुन्हा चॅम्पियन्स लीग. इंग्लंडच्याच वॉटफर्डने तर 2014-15 च्या एका सीझनमध्ये चार मॅनेजर वापरले आणि प्रीमियर लीगमध्ये चढले. मग काढणं वाईट कसं?

तर माझं म्हणणं, तिथे मॅनेजरच्या खाली अख्खी यंत्रणा उभी असते, स्काउट, फिजिओ, तयार खेळाडू. चेल्सीच्या गोलकीपर चेकला किंवा स्ट्रायकर ड्रोग्बाला कुणी पास कसा द्यायचा शिकवायचं नव्हतं, नुसतं कोणी नवीन आलं की जोर आला. अकरा वर्षांच्या मुलांच्या अकॅडमीत कोच हीच यंत्रणा. तो गेला की मागे उरतात कोन, बिब आणि शेठ. शिवाय तिकडे काढलं तर निदान खिसा भरतो, मँचेस्टर युनायटेडने जुलै 2024 ला मॅनेजर टेन हागचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये काढला, त्याच्यासकट त्याच्या स्टाफचे एक कोटी पौंडांच्या वर द्यावे लागले. आमच्या पहिल्या सरांचे राहिलेले सेशनचे पैसे मिळाले की नाही हे विचारायची पण सोय नाही.

आपल्याकडचंच बघायचं तर कोच खालिद जमील. मुंबई एफसीला वर्षानुवर्षं कमी पैशात देशपातळीवरच्या आय-लीगमध्ये तगवून ठेवलं, कूपरेजला त्या मॅच बघायला आम्ही ठाण्याहून लोकलने जायचो, फुटबॉल बोअर असायचा हे मान्य, पण टीम खाली जात नव्हती. 2016 ला क्लबची आणि त्याची साथ सुटली, जमील मिझोरामच्या ऐझॉलकडे गेला. पुढच्या सीझनला ऐझॉल चॅम्पियन आणि मुंबई एफसी सगळ्यात खाली. ऑगस्ट 2025 मध्ये तोच माणूस भारताचा कोच झाला. मुंबई एफसी आता शोधून सापडत नाही.

असो, रिव्ह्यूवर येतो. सध्या तिसऱ्या सर आहेत, हो, मॅडम. स्वतः जिल्ह्यासाठी खेळलेल्या, आणि स्टारांतले ते चार पहिल्या सरांना अर्धे, यांना अर्धे असे धरा. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी शेठना सांगितलं की सेशन चालू असताना खुर्ची जाळीच्या बाहेर ठेवायची आणि टीम शुक्रवारी रात्री मीच ग्रुपवर टाकणार. सगळ्यांना वाटलं गेल्या या पण. पण शेठ ऐकले, का ऐकले माहीत नाही, बहुतेक दोनदा कोच बदलून पोरं कमीच झाली तेव्हा हिशोब कळला असेल. बुकिंगवाल्यांचा मुलगा आता लेफ्ट बॅक आहे आणि खरं सांगू का, तिथे तो मस्त खेळतो. भाची परत मागे बघायला लागलीये. मॅच अजूनही हरतो, पण दोन-तीन गोलांनी.

एक टोचतं ते म्हणजे शेठ आता टचलाइनवरून ओरडत नाहीत तर ग्रुपवर फॉर्मेशन टाकतात, रात्री अकराला, लाल-निळे गोळे काढलेला फोटो. मॅडम त्यावर नुसता हात जोडलेला इमोजी टाकतात.

ज्यांना मुलांना घालायचंय त्यांनी एक फुकटची ट्रायल सेशन मिळते ती आधी घ्या, आणि ट्रायलला मुलाकडे नका बघू, टीम बदलताना कोच कुणाकडे बघतो ते बघा. कोच किती दिवसांपासून आहे हे ऑफिसात विचारू नका, गेटवरच्या वॉचमनला विचारा. एका बॅचमध्ये पंधरा-सोळा मुलं असतात, एका कोचला हे जास्त आहे, असिस्टंट ठेवणार असं ऐकतोय. फर्स्ट एड बॉक्स आहे, बर्फ असतो, मागच्या महिन्यात एकाचा घोटा मुरगळला तेव्हा लगेच मिळाला.

फी महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास, किट वेगळं. वार्षिक पॅकेजवर बरी सूट देतात पण ते घेऊ नका, कोच बदलला तर रिफंड नाही असं पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलंय. तीन-तीन महिन्यांची भरा.