रात्रीचं डायपर, अंडरपॅड, ड्रायशीट: सात-आठ महिने वापरून काय टिकलं

आधी आमची परिस्थिती सांगते म्हणजे तुमच्याशी जुळते का ते बघता येईल. ह्यांना हार्ट फेल्युअर आहे, त्यात मागच्या वर्षी पॅरालिसिसचा अटॅक येऊन उजवी बाजू गेली. लघवी लागलेली कळते पण मला हाक मारेपर्यंत होऊन जाते. दिवसा यूरिन पॉटवर भागतं, खरा प्रश्न रात्रीचा, आणि रात्री घरात मी एकटीच, माझे गुडघे काही विचारू नका. त्यामुळे किती शोषतं यापेक्षा अर्ध्या झोपेत एकट्या बाईला किती झटपट बदलता येतं, ह्या हिशोबाने मी सगळं बघते.

पँटवालं डायपर दुकानदार आधी तेच काढून देतो. उभं राहता येणाऱ्या माणसासाठी छान आहे, फिजिओथेरपीला न्यायचं असलं की आम्हीही तेच घालतो. पण आडव्या माणसाला रात्री तीन वाजता, इंदूरच्या जानेवारीत, पायजमा पूर्ण उतरवून पायातून वर चढवायचं म्हणजे दोघांचेही हाल. रात्रीसाठी टेपवालंच. कुशीवर वळवायचं, अर्धं गुंडाळून पाठीखाली सरकवायचं, दुसऱ्या कुशीवर घेऊन उलगडायचं, झालं. खालच्या टेपा आधी, जरा वरच्या दिशेला तिरक्या, मग वरच्या टेपा खाली तिरक्या, आणि मांडीजवळची झालर बोट फिरवून बाहेर काढायची, ती आत दुमडलेली राहिली की गळणारच. साइज मोठा घेतला की जास्त शोषेल असं काही नसतं, उलट मांडीपाशी फट राहते. कंबर आणि नितंब दोन्ही मोजा, जे जास्त भरेल त्यावरून पाकिटावरचा आकडा बघून घ्या.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, लाजतात म्हणून. पुरुषाला डायपर घालताना लिंग खालच्या दिशेने करूनच टेप लावायची. नाहीतर लघवी वर पोटाकडे जाते, बनियन ओलं, उशीपर्यंत चादर ओली आणि डायपर मात्र खाली कोरडं ठणठणीत! आम्ही ह्यापायी दोन कंपन्या बदलल्या, आणि हे मला सांगितलं कुणी तर दिवसा येणाऱ्या आयाने, तेही हळू आवाजात.

एकावर एक दोन डायपर घालू नका, आतल्याला मागून प्लॅस्टिक असतं, ते भरलं की बाहेरच्यात काही जात नाही, बाजूने वाहतं. त्यासाठी वेगळे बूस्टर पॅड मिळतात ज्यांना मागे प्लॅस्टिक नसतं, ते आत ठेवायचे.

सगळ्यात कामाची निघाली ती पलंगाची मांडणी, तिला जवळपास पैसेच लागले नाहीत. तळाला चादर आणि ड्रायशीट (पाणी खाली न जाऊ देणारं, धुऊन वापरायचं कापड), त्यावर परत चादर आणि ६० बाय ९० सेंटिमीटरचं अंडरपॅड (अंगाखाली पसरायचं, ओल शोषणारं, वापरून फेकायचं पॅड). रात्री ओलं झालं की वरचा जोड गुंडाळून ओढून घ्यायचा, खाली कोरडं अंथरूण तयारच. मोठा लाइट लावावा लागत नाही, ह्यांची झोप पूर्ण मोडत नाही, आणि मुख्य म्हणजे ह्यांच्या चेहऱ्यावर ते "तुला परत उठवलं" असं येतं ना, ते कमी झालं. एअर मॅट्रेस (पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घालतात ती हवेची गादी) असेल तर थर कमीत कमी ठेवा, जास्त जाडी झाली की तिचा उपयोग जातो. ड्रायशीट धुताना कम्फर्टसारखं सॉफ्टनर टाकू नका, शोषणं कमी होतं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, पावसाळ्यात वाळतही नाही काही, म्हणून त्या दिवसांत फक्त फेकायचे अंडरपॅड.

कंडोम कॅथेटर (लिंगावर बाहेरून कंडोमसारखं चढवायचं, पुढे नळी असलेलं) आणि त्या नळीला जोडायची, लघवी साठवणारी दोन लिटरची पिशवी म्हणजे युरोबॅग, हेही करून पाहिलं. ज्यांना जमतं ते खूप कौतुक करतात आणि झोप खरंच सलग लागते. पण माप बरोबर लागतं, रोज काढून धुऊन कोरडं करून नवीन लावायचं असतं, आणि ह्यांना कूस बदलताना नळीला पीळ पडायचा, मग सगळं निसटून आणखी मोठी आंघोळ. वर कातडी लाल झाली, म्हणून बंद. आतून घालायची नळी मी स्वतःच डॉक्टरांना विचारली होती, ते म्हणाले फक्त गादी ओली होते म्हणून नाही घालायची, इन्फेक्शनचा धोका असतो. पटलं.

कातडीचं म्हणाल तर पावडर अजिबात नाही, तिचे गोळे होतात. पुसून, कोरडं करून झिंक ऑक्साइडचं क्रीम, पातळ. पोळीला तूप लावतो तितकंच, थापलं तर डायपर शोषत नाही.

आणि खरा फरक कशाने पडला माहितीये का, गोळीच्या वेळेने. अंगातलं पाणी लघवीवाटे काढायची दिवसातली दुसरी गोळी रात्री जेवणानंतर चालली होती, डॉक्टरांना विचारून ती दुपारी तीनला आणली (आपल्या मनाने हलवू नका), शिवाय दुपारी पाय उशीवर वर ठेवतो, म्हणजे पायांवरची सूज दिवसाच उतरते, रात्री आडवं झाल्यावर ते पाणी लघवीत येत नाही. संध्याकाळचा चहा चारला. बद्धकोष्ठ असलं की लघवी जास्त गळते, तेही सांभाळा. दिवसभराचं पाणी मात्र तोडू नका, हार्टवाल्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या मापात घ्यायचं. अचानक गळणं वाढलं, ताप आला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर डायपरला दोष देत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा, लघवीची टेस्टही करा.

खर्च आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला पण दुकानात जुन्या एमआरपीची पाकिटंही होती, भाव विचारून घ्या. इथल्या दवा बाजारात (औषधांच्या घाऊक बाजारात) कार्टन घेतलं तर बरंच स्वस्त पडतं, फक्त आधी एक पाकीट वापरून बघा, उघडलेलं परत घेत नाहीत. वापरलेलं कागदात गुंडाळून कचरागाडीच्या वेगळ्या खान्यात, ओल्या-सुक्यात टाकलं तर आमचा गाडीवाला भैया सगळ्या गल्लीसमोर परत देतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

कंडोम कॅथेटरची बंद पाकिटं, ३० एमएम, माझ्याकडे पडून आहेत, एक्स्पायरी लांब आहे. इंदूरमध्ये सुदामा नगरकडे कुणाला उपयोग असेल तर सांगा, पैसे नकोत.