ओपनस्टॅकची बॅकअप यादी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बाणेरमधील आमच्या छोट्या कार्यालयात ओपनस्टॅकवर (क्लाउड उभारण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरवर) चालणारा खाजगी क्लाउड आहे आणि त्यावरील व्हॉल्यूमचे (आभासी डिस्कचे) बॅकअप पाहण्याचे काम गेले काही महिने माझ्याकडे आहे. त्यासाठी रोज सकाळी 'ओपनस्टॅक व्हॉल्यूम बॅकअप लिस्ट' ही एकच कमांड चालवावी लागते. वेब डॅशबोर्डपेक्षा मला ती पसंत आहे, कारण तिचे उत्तर जेसन या प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात घेऊन स्क्रिप्टला देता येते आणि हवे तेवढेच रकाने मागवता येतात.

यादीत आयडी, नाव, वर्णन, स्टेटस आणि आकार दिसतो. अलीकडच्या आवृत्त्यांत बॅकअप इन्क्रिमेंटल (आधीच्या बॅकअपनंतर बदललेला भागच घेणारा) आहे का आणि तो केव्हा घेतला, हेही कळते. 'लाँग' हा पर्याय जोडल्यावर मूळ व्हॉल्यूम आणि बॅकअप ठेवलेला कंटेनर (साठवणुकीतील कप्पा) यांची भर पडते. वास्तविक कोणत्या व्हॉल्यूमचा बॅकअप आहे ही माहिती पहिल्याच यादीत हवी होती. ती नसल्यामुळे आम्ही बॅकअपच्या नावातच व्हॉल्यूमचे नाव लिहू लागलो.

वेळेच्या रकान्याची सवय व्हायला मला बरेच दिवस लागले. ही वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, त्यामुळे पुण्यात पहाटे 2 वाजता घेतलेला बॅकअप आदल्या दिवशीचा 20:30 चा म्हणून दिसतो. ग्राहकाला 'सोमवारचा बॅकअप आहे' असे कळवण्यापूर्वी साडेपाच तास मिळवावेच लागतात. आमच्या स्क्रिप्टमध्ये आता हे रूपांतर केले आहे.

सर्वांत फसवा रकाना मात्र आकाराचा आहे. तेथे बॅकअपने प्रत्यक्ष व्यापलेली जागा दिसत नाही, तर मूळ व्हॉल्यूमचा जीबीतील आकार दिसतो. 200 जीबीच्या व्हॉल्यूममध्ये दिवसभरात मोजक्याच फायली बदलल्या असल्या, तरी त्या रात्रीच्या इन्क्रिमेंटल बॅकअपसमोर 200 हाच आकडा येतो. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही, कारण कोटाही याच आकड्याने मोजला जातो. सिंडरमध्ये, म्हणजे ओपनस्टॅकच्या व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या भागात, प्रत्येक प्रोजेक्टला मुळात 10 बॅकअप आणि एकूण 1000 जीबी एवढीच मर्यादा असते. म्हणजे अशा व्हॉल्यूमचे पाच बॅकअप झाले की, साठवणुकीत भरपूर जागा शिल्लक असूनही, सहाव्याला नकार मिळतो. खरी जागा किती गेली हे हवे असेल, तर साठवणुकीच्या बाजूनेच मोजावे लागते.

दुसरी उणीव इन्क्रिमेंटल बॅकअपच्या साखळीची आहे. कोणता बॅकअप कोणत्या पूर्ण बॅकअपवर अवलंबून आहे, हे यादीतून उमगत नाही. ज्यावर इतर बॅकअप विसंबून आहेत तो काढून टाकण्यास सिंडर नकार देतो, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु जुने बॅकअप आवरताना प्रत्येकावर 'शो' (एका बॅकअपचा तपशील दाखवणारी कमांड) चालवून अवलंबित्व तपासावे लागते आणि हे काम कंटाळवाणे आहे.

स्टेटसनुसार गाळणी लावण्याची सोय मात्र उत्तम आहे. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि एका गुरुवारी यूपीएसने मान टाकली तेव्हा सुरू असलेला बॅकअप 'क्रिएटिंग'वर अडकला. बॅकअप सेवा पुन्हा सुरू होताना अशा अर्धवट कामांना स्वतःच 'एरर' ठरवते, त्यामुळे 'एरर' स्टेटस असलेले बॅकअप मागवताच तो लगेच सापडला. अपयशाचे कारण मात्र यादीत नसते, ते 'शो'मध्ये पाहावे लागते. 'अव्हेलेबल' या शब्दावरही मी पूर्ण विसंबत नाही. बॅकअप लिहून पूर्ण झाला एवढेच तो सांगतो, आतील डेटाबेस सुस्थितीत उघडेल की नाही याविषयी काहीच सांगत नाही. म्हणून आम्ही अधूनमधून एखादा बॅकअप नव्या व्हॉल्यूमवर रिस्टोअर करून तपासतो.

व्हॉल्यूमवर आधारित गाळणीत नाव किंवा आयडी यांपैकी काहीही चालते, आणि प्रशासकाला सर्व प्रोजेक्टची यादी एकत्र मागवता येते. पाच-सहा सर्व्हर सांभाळणाऱ्या गटाला ही कमांड मी निःसंकोच सुचवीन, मात्र सोबत आकाराचा रकाना वगळणारी आणि वेळ बदलून दाखवणारी छोटी स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी.